सवलत भट्टीला मिळते, हिशेब कोण ठेवणार? कार्बन-कपातीची सरकारी मदत आणि बेळगावच्या फाउंड्र्या

गेल्या वर्ष-दीड वर्षात उद्यमबाग, मच्छे आणि होनगा भागात फाउंड्री चालवणाऱ्या आपल्या काही सभासदांना मोठ्या ग्राहक कंपन्यांकडून एक नवा तक्ता येऊ लागला आहे. दर, वजन, डिलिव्हरीची तारीख हे रकाने नेहमीचेच. त्याखाली आता आणखी काही रकाने आहेत: एक टन कास्टिंगमागे किती युनिट वीज लागली, कोक किती जळला, डिझेल किती गेले, आणि येत्या तीन-पाच वर्षांत हे आकडे तुम्ही किती खाली आणणार. तक्ता भरला नाही म्हणून ऑर्डर लगेच हातची जात नाही. पण पुढची विचारणा कोइमतूरला किंवा राजकोटला जाऊ शकते, आणि ती का गेली हे आपल्याला कुणी कळवत नाही.

दुसरीकडे सरकार म्हणते की हरितवायूंचे उत्सर्जन कमी करू पाहणाऱ्या उद्योगांसाठी आम्ही तिजोरी उघडली आहे. योजनांची नावे वर्तमानपत्रांत येतात, मंत्र्यांची भाषणे होतात. मंडळात येणाऱ्या कारखानदारांशी आणि त्यांच्याकडे काम करणाऱ्यांशी आम्ही बोललो तेव्हा मात्र बहुतेकांचा सूर एकच होता: "योजना असतील हो, पण आमच्यापर्यंत कुठे येतात?" हा सूर नेहमीचा म्हणून सोडून देता येत नाही. बेळगावात लहानमोठ्या फाउंड्र्या शेकड्यांच्या घरात आहेत. येळ्ळूर, मजगाव, पिरनवाडीपासून खानापूरपर्यंतच्या कितीतरी घरांची चूल त्यांच्यावर चालते. म्हणून ही मदत नेमकी कुणाला, कशाच्या बदल्यात मिळते आणि कुठे अडते हे आम्ही थोडे खोलात जाऊन पाहिले.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. ज्याच्याकडे कपातीची योजना तयार आहे त्याला पैसा देण्याची ही रचना आहे. योजना तयार होण्यासाठी आधी आकडे लागतात, आणि लहान फाउंड्रीकडे नेमके आकडेच नसतात. व्याजदरात सूट देऊन ही उणीव भरून निघत नाही.

मोठ्यांची वाट, लहानांची वाट

मोठ्या उद्योगांसाठी केंद्र सरकारने २०१२ पासून एक पद्धत चालवली. तिचे नाव पॅट. पहिल्या फेरीत आठ क्षेत्रांतल्या ४७८ कारखान्यांना ऊर्जाबचतीचे लक्ष्य दिले गेले. लक्ष्यापेक्षा जास्त बचत करणाऱ्याला प्रमाणपत्रे मिळणार आणि मागे पडणाऱ्याने ती बाजारातून विकत घ्यायची, अशी ही कल्पना. बचत झाली, हे मान्य केले पाहिजे. पण लक्ष्ये इतकी सैल ठरली की ३८ लाखांहून अधिक प्रमाणपत्रे वाटली गेली, आणि विकत घ्यावी लागणार होती ती जेमतेम १४ लाख. विकणारे पुष्कळ आणि घेणारे थोडे, असा बाजार झाला की भाव कुठे राहतो? रविवारच्या बाजारात टोमॅटोचे जे होते तेच इथे झाले.

त्याच पद्धतीची पुढची पायरी म्हणजे कार्बन क्रेडिट व्यापार योजना. २८ जून २०२३ रोजी ती अधिसूचित झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये सिमेंट, अ‍ॅल्युमिनियम, क्लोर-अल्कली आणि कागद या चार क्षेत्रांतल्या २८२ कारखान्यांना प्रत्येकी वेगळे लक्ष्य ठरवून दिले गेले. मोजमाप आता ऊर्जेचे नाही. एक टन मालामागे किती टन हरितवायू, असे ते आहे. पायाभूत वर्ष २०२३-२४. लक्ष्य गाठले नाही आणि क्रेडिटही विकत घेतले नाही, तर क्रेडिटच्या सरासरी भावाच्या दुप्पट पर्यावरणीय भरपाई भरावी लागणार. पॅटपेक्षा हे दात असलेले आहे.

आता पैशाचे पाहू. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनची तरतूद १९,७४४ कोटी रुपये. त्यातले ४५५ कोटी केवळ पोलाद उद्योगातल्या हायड्रोजन प्रयोगांसाठी. लहान आणि मध्यम उद्योगांसाठीची सर्वांत मोठी ऊर्जाबचत योजना म्हणजे अडीटी. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी पानिपतला तिचा प्रारंभ केला. तिची एकूण तरतूद तीन वर्षांसाठी १००० कोटी, आणि तीही फाउंड्री, फोर्जिंग, विटा, काच, कापड, कागद, औषधे, अन्नप्रक्रिया, चामडे अशा १४ क्षेत्रांत मिळून. देशभरातले हे सगळे उद्योग एका पारड्यात आणि एकटा हायड्रोजन दुसऱ्या पारड्यात, अशी ही तुलना आहे. हायड्रोजनवर खर्च करू नये असे आम्ही म्हणत नाही. भविष्यातल्या तंत्रज्ञानासाठी कुणाला तरी आधी पैसा ओतावाच लागतो. पण आज, याच महिन्यात, याच भट्टीत वाचू शकणारा कार्बन स्वस्त असतो आणि त्याच्या वाट्याला थोडे आले आहे, एवढे दिसते.

अडीटीतल्या १००० कोटींपैकी ८७५ कोटी व्याजसवलतीसाठी आहेत. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला कर्जाच्या व्याजात ५ टक्के सूट, मध्यम उद्योगाला ३ टक्के. ऊर्जा-परीक्षणासाठी ५० कोटी आणि अंमलबजावणीतल्या हाताला-हात मदतीसाठी ७५ कोटी. अट अशी की नव्या तंत्रज्ञानाने किमान १० टक्के ऊर्जाबचत झाली पाहिजे. पहिल्या टप्प्यात ६० औद्योगिक समूह, दुसऱ्यात आणखी १००.

याखेरीज सिडबीमार्फत चालणारी एमएसई-गिफ्ट योजना आहे. तीत हरित तंत्रज्ञानासाठीच्या २ कोटींपर्यंतच्या कर्जावर २ टक्के व्याजसवलत मिळते. झेड प्रमाणपत्राच्या खर्चात सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के, लघुला ६० आणि मध्यमला ५० टक्के सूट आहे. पूर्वी यंत्र घेताना थेट १५ टक्के भांडवली अनुदान देणारी एक योजना होती आणि आपल्याकडच्या अनेकांनी तिचा लाभ घेतला होता. ती मार्च २०२० मध्ये बंद झाली. कारखानदार आजही तिची आठवण काढतात, आणि ते समजण्यासारखे आहे. हातात पडलेले अनुदान दिसते. वाचलेले व्याज बँकेच्या कागदावरच राहते.

एका भट्टीचा हिशेब

मुद्दा कागदावर मांडून पाहू. आकडे कुठल्याही एका कारखान्याचे नाहीत, उदाहरणापुरते घेतले आहेत. पण धंद्यातल्या माणसाला ते परके वाटू नयेत.

समजा, एक फाउंड्री महिन्याला २०० टन चांगले कास्टिंग पाठवते. रनर, रायझर, रिजेक्शन सगळे धरून तिचे यील्ड ६० टक्के आहे. म्हणजे २०० टन माल पाठवण्यासाठी ३३३ टन धातू वितळवावा लागतो. उरलेले १३३ टन पुन्हा भट्टीत जाते. माल तोच, पण तो वितळवण्याचे बिल दोनदा. इंडक्शन भट्टीत एक टन वितळवायला साधारण ६०० युनिट लागतात. म्हणजे केवळ मेल्टिंगचे २ लाख युनिट झाले.

आता यील्ड ६० वरून ६५ टक्क्यांवर नेले तर? २०० टन मालाला ३०८ टन वितळवावे लागेल. महिन्याला सुमारे १५,४०० युनिट वाचले. युनिटला ७ रुपये धरले तरी महिन्याला एक लाख सात-आठ हजार, वर्षाला तेरा लाखांच्या आसपास. देशाच्या वीजजाळ्यातून येणाऱ्या एका युनिटमागे सुमारे ०.७१ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. त्या हिशेबाने महिन्याला ११ टन उत्सर्जन टळले.

याच्या शेजारी व्याजसवलत ठेवून पाहा. ८० लाखांची नवी भट्टी कर्जाने घेतली, तर ५ टक्के सवलतीने पहिल्या वर्षी फार तर ४ लाख वाचतील आणि मुद्दल फिटत जाईल तशी ती रक्कम कमी होत जाईल. यील्डमधल्या पाच अंकांनी त्याच्या तिप्पट दिले, आणि दर वर्षी दिले. मग सवलतीचा ओढा यंत्राकडेच का? कारण व्याजसवलत मिळते कर्जावर आणि कर्ज मिळते यंत्रावर. गेटिंगची रचना बदलणे, पॅटर्न सुधारणे, वाळूची चाचणी रोज करणे, मेथडिंगसाठी संगणकावर सिम्युलेशन करून घेणे, दहा वर्षांचा अनुभव असलेल्या मोल्डरला थोडा जास्त पगार देऊन टिकवणे, यातले बहुतेक काही बँकेकडे तारण ठेवता येत नाही. दुसरी गंमत अशी की वरच्या उदाहरणात मेल्टिंगची वीज वाचते ७.७ टक्के. म्हणजे एवढी मोठी सुधारणा एकटी १० टक्क्यांच्या अटीला पुरतही नाही. तिच्या जोडीला भट्टीवर झाकण, कॉम्प्रेसरच्या गळत्या आणि हवेचा दाब एका बारने कमी करणे, एवढे केले की अट आरामात ओलांडता येईल. पण हे सगळे एकत्र मांडून दाखवणारा माणूस हवा.

एका समजुतीबद्दल इथेच बोलायला हवे, कारण ती आपल्या भागात फार पक्की आहे. कुपोला काढली आणि इंडक्शन बसवली की आपण "ग्रीन" झालो, असे अनेकांना वाटते. धूर जातो, शेजारच्या वस्तीला मोकळा श्वास मिळतो, धातूची रासायनिक जुळणी हातात राहते, हे सगळे खरे आणि मोलाचे. पण कार्बनचा हिशेब वेगळा आहे. कुपोलात एक टन धातूला १३०-१५० किलो कोक धरला आणि एक किलो कोकमागे साधारण ३ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर टनामागे ३९० ते ४५० किलो होतो. इंडक्शनचे ६०० युनिट गुणिले ०.७१ म्हणजे ४२६ किलो. दोन्ही जवळपास सारखेच! फरक एवढाच की एकात धूर आपल्या गल्लीत निघतो आणि दुसऱ्यात कोळशावर चालणाऱ्या कुठल्यातरी वीजकेंद्रात. वीज स्वच्छ झाली तरच इंडक्शन खऱ्या अर्थाने स्वच्छ होते. म्हणून भट्टीसाठी कर्ज देताना वीज कुठून येणार हा प्रश्न सोडून दिला, तर सरकारी पैशाने धुराची जागा तेवढी बदलेल.

पैसा घेऊनही अडते तेव्हा

ही अडचण आपल्यापुरती नाही. जर्मनीत आर्सेलर मित्तल या पोलाद कंपनीला ब्रेमेन आणि आयझेनह्युटेनश्टाट इथले कारखाने कमी कार्बनच्या पद्धतीकडे वळवण्यासाठी सरकारने १३० कोटी युरोंची मदत मंजूर केली होती. जून २०२५ मध्ये कंपनीने तो बेत सोडला आणि मदतही. तिने दिलेल्या कारणांत महाग वीज हे एक प्रमुख कारण होते. भट्टी बांधायला सरकार पैसे देईल, पण पुढची वीस वर्षे ती चालवायची कशी? एवढी मोठी कंपनी जर हा प्रश्न विचारून मागे फिरते, तर मच्छेतल्या पंचवीस कामगारांच्या फाउंड्रीने तो विचारला म्हणून तिला मागासलेली कुणी म्हणू नये.

दुसरे उदाहरण वेल्सचे, आणि त्यात आपल्या ओळखीचे नाव आहे. पोर्ट टॅलबट इथल्या टाटा स्टीलच्या कारखान्यातली शेवटची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ रोजी थंडावली. तिच्या जागी भंगार वितळवणारी विद्युत भट्टी येते आहे. खर्च १२५ कोटी पौंड, त्यातले ५० कोटी ब्रिटिश सरकारचे. त्या कारखान्याचे उत्सर्जन सुमारे ९० टक्क्यांनी घटेल असे सांगितले जाते. पण दोन हजारांहून अधिक नोकऱ्या गेल्या. जुनी भट्टी बंद झाली तेव्हा नव्या भट्टीच्या बांधकामाला सुरुवातही झाली नव्हती. मदत देताना कंपनीला कार्बनची अट घालता येते, तशी माणसांचीही घालता येते. ती किती घट्ट घालायची हा राजकीय निर्णय असतो आणि त्यासाठी मागणारे लोक लागतात.

आपल्या फाउंड्र्यांत एवढी उलथापालथ होण्याचे कारण नाही. उलट वर सांगितलेली यील्डची सुधारणा कुशल कामगारावरच उभी आहे. पण ऑर्डरी गेल्या तर नोकऱ्या जातात. म्हणूनच युरोपच्या कार्बन कराकडे लक्ष ठेवावे लागते. १ जानेवारी २०२६ पासून तो पूर्ण रूपात लागू झाला आहे. त्याच्या आजच्या यादीत लोखंड-पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खते, तसेच पाइप फिटिंग आणि नट-बोल्टसारख्या काही वस्तू येतात. पंप आणि व्हॉल्व्ह यादीत नाहीत. म्हणून आपल्याकडे काहींनी सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु यादी यंत्रे व सुट्या भागांपर्यंत वाढवण्याचा प्रस्ताव युरोपीय आयोगाने डिसेंबर २०२५ मध्ये मांडला आहे. शिवाय देशातल्या देशातही सेबीने सर्वांत मोठ्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना पर्यावरणविषयक अहवाल देणे बंधनकारक केले आहे. त्यांतल्या पहिल्या २५० कंपन्यांनी आपल्या मोठ्या पुरवठादारांचीही माहिती द्यावी, अशी अपेक्षा २०२५-२६ पासून आहे. तूर्त ती ऐच्छिक आहे. सुरुवातीला सांगितलेला तो तक्ता कुठून येतो, याचे उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे.

इथे आमच्यातल्या ज्येष्ठांना एक जुनी गोष्ट हमखास आठवते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलीच्या दुकानापासून सुरुवात केली ती याच गावात, आणि लोखंडी नांगरही इथेच बनवला. पुढे गावाच्या विस्तारासाठी त्यांना जागा सोडावी लागली. औंधच्या राजांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळ ओसाड माळाची जमीन दिली, दहा हजार रुपयांचे कर्ज दिले, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावकर ही गोष्ट हळहळीने सांगतात. आम्हाला तिच्यात दुसरे काही दिसते. औंध संस्थान लहान होते आणि त्याची तिजोरीही मोठी नव्हती. पण मदत देणाऱ्याने जागा, पैसा आणि पाठबळ एकाच वेळी दिले. आज जागेचे एक खाते, विजेचे दुसरे, कर्जासाठी बँक तिसरीकडे आणि परीक्षणासाठी चौथा कागद. सीमेवरच्या आपल्या गावाला तर राज्याची रेघही आडवी येते. कोल्हापूरच्या आणि बेळगावच्या फाउंड्र्या पिढ्यान्‌पिढ्या एकाच धंद्यातल्या, एकमेकींकडून माणसे घेतात, पण विजेचे दर, राज्याचे औद्योगिक धोरण आणि सवलती वेगळ्या.

एकट्याने होत नाही ते

मग करायचे काय? सरकारकडे मागण्यासारखे काही आहे आणि आपण करण्यासारखेही आहे.

बेळगावला हा विषय नवा नाही. जागतिक पर्यावरण निधी, संयुक्त राष्ट्रांची औद्योगिक विकास संघटना आणि आपला ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो यांनी मिळून लहान उद्योगांसाठी जो ऊर्जाबचतीचा प्रकल्प चालवला, त्यात फाउंड्रीसाठी देशभरातून तीन समूह निवडले होते: बेळगाव, कोइमतूर आणि इंदूर. तिन्हींपैकी दोन गावांत मराठी मंडळे जुनी आणि जोमात आहेत, हा योगायोग आम्हाला सुखावतो. परीक्षणे झाली, काही कारखान्यांत प्रात्यक्षिके झाली. त्यातून ज्यांनी घेतले त्यांनी घेतले. अशा प्रकल्पांचा दोष हा की मुदत संपली की अभ्यासणारी माणसे जातात आणि अहवाल कपाटात राहतो. कारखाना मात्र रोज बदलतो. नवा पॅटर्न, नवा ग्राहक, स्क्रॅपची नवी खेप. म्हणून मोजणी कायमची लागते.

आमची पहिली मागणी हीच असेल. समूहासाठी मोजणीची एक कायम व्यवस्था हवी, सरकारी पैशाने किमान पाच वर्षे चालणारी. तिच्याकडे ऊर्जामापक उपकरणे असावीत, एक-दोन अभियंते असावेत, आणि त्यांनी महिन्यातून एकदा प्रत्येक सहभागी फाउंड्रीत जाऊन टनामागची वीज, कोक आणि यील्ड नोंदवावे. आपल्याकडे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, विश्वेश्वरय्या तंत्र विद्यापीठाचे मुख्यालय आहे. शिकणाऱ्या मुलांना हातात काम आणि कारखान्याला आकडे, असे दोन्ही साधेल. अडीटीत परीक्षणासाठी ठेवलेले ५० कोटी देशभराला पुरायचे आहेत. एकेका कारखान्याने वेगळे परीक्षण करून घेण्यापेक्षा समूहाने मिळून घेतले तर तोच पैसा लांब जाईल.

दुसरी गोष्ट विजेची, आणि इथे अनुदानापेक्षा नियमाची मदत मोठी आहे. २०२२ च्या हरित ऊर्जा खुल्या प्रवेशाच्या नियमांनी स्वच्छ वीज थेट विकत घेण्यासाठीची किमान मर्यादा १ मेगावॉटवरून १०० किलोवॉटवर आणली. म्हणजे मध्यम आकाराची फाउंड्रीही आता त्यात बसते. शिवाय समूह-स्वमालकीची वाट आहे. काही कारखान्यांनी मिळून सौर किंवा पवन प्रकल्पात किमान २६ टक्के भागभांडवल घातले आणि त्यातली किमान ५१ टक्के वीज स्वतः वापरली, तर तो प्रकल्प त्यांचा स्वतःचा मानला जातो आणि काही अधिभार वाचतात. उत्तर कर्नाटकात वारा आहे आणि ऊनही आहे. अडचण एवढीच की आपल्या अनेक भट्ट्या स्वस्त विजेसाठी रात्री चालतात आणि सूर्य दिवसा तळपतो. पाळ्या बदलायच्या की वाऱ्याची वीज जोडीला घ्यायची, हा हिशेब दहा जणांनी एकत्र बसून केला तरच सुटेल. वर भट्टीचा जो हिशेब मांडला त्यातले ४२६ किलो खाली आणणारे याहून मोठे साधन आज तरी आमच्या नजरेत नाही.

बँकेची अडचण आम्ही मुद्दाम शेवटी ठेवली, कारण ती सर्वांना ठाऊक आहे. अनेक फाउंड्र्यांची शेड भाड्याची, त्यामुळे तारण कमी. व्याज ५ टक्क्यांनी कमी झाले तरी कर्जच मंजूर झाले नाही तर सवलत कशावर मिळणार? इथे जामिनाची योजना आणि आपल्या सहकारी बँका व सोसायट्या यांना जोडून घेण्याची गरज आहे. बेळगावच्या मराठी समाजाने उभ्या केलेल्या पतसंस्था लग्नाला, घराला आणि सोन्यावर कर्ज देतात. ऊर्जाबचतीच्या यंत्राला, तेही वाचलेल्या विजेतून हप्ता फिटतो हे कागदावर दिसत असताना, त्या कर्ज का देत नाहीत, हा प्रश्न त्यांच्या वार्षिक सभेत सभासदांनीच विचारायला हवा. आम्हीही विचारणार आहोत.

एक भीती कारखानदार उघड बोलत नाहीत. वीज आणि कोक यांचे खरे आकडे कुणाच्या हाती दिले, तर उद्या दुसऱ्या खात्याचा माणूस तेच आकडे घेऊन दारात येईल, अशी ती भीती. आम्ही तिला हसणार नाही. समूहाच्या व्यवस्थेत प्रत्येक कारखान्याचे आकडे त्याच्याकडेच राहावेत आणि बाहेर फक्त सरासरी जावी, असा करार आधी लेखी झाला पाहिजे.

तोवर घरचे काम सुरू करता येईल. उद्यम नोंदणी अद्ययावत आहे का ते पाहा. १ एप्रिल २०२५ पासून व्याख्या बदलली आहे. आता २५ कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १०० कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग लघु ठरतो. म्हणजे काल मध्यम असलेल्याला आज ३ ऐवजी ५ टक्के सवलत लागू होऊ शकते. मागच्या बारा महिन्यांची हेस्कॉमची बिले एका फायलीत लावा. मेल्टिंग रजिस्टरमध्ये हीटगणिक वजन आणि मीटरचे वाचन लिहायला आजपासून सुरुवात करा. वही साधी चालेल, पण रोज लिहिली गेली पाहिजे. रिजेक्शनचे कारण त्याच वहीत, पॅटर्ननिहाय. अडीटीच्या संकेतस्थळावर आपला समूह कोणत्या टप्प्यात आहे ते तपासा. संकेतस्थळ किंवा अर्ज समजून घ्यायला अडचण वाटत असेल, तर मंडळातले निवृत्त अभियंते आणि बँकेतून निवृत्त झालेले सभासद मराठीतून समजावून द्यायला तयार आहेत. रविवारी सकाळी वाचनालयात ते भेटतील. येताना बिलांची फाईल आणि ती वही तेवढी बरोबर आणावी.